कासरा धरून लाटेवर

माझं डोकं सकाळी लवकर तापतं. चहा पोटात गेल्याशिवाय घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. पण दोन हजार सतरा साली, गणपती गेल्यानंतर आणि दिवाळीच्या आधी, मी बिनचहाची, तांबडं फुटायच्या आत, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्रात उभी असायचे आणि चक्क हसत असायचे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर वरोरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मी धाकटी सून. नोकरी तलासरीला, प्राथमिक शाळेत. थोरली सून म्हणजे माझी जाऊबाई गंजाडची, शेतकऱ्याची एकुलती लेक. आमचे नवरे सख्खे भाऊ, फायबरच्या होड्या दुरुस्त करण्याचा त्यांचा धंदा. घराच्या मागच्या अंगणात कायम एखादी होडी उलटी पडलेली आणि तिच्या बुडावर दोघे भाऊ घासकागद घेऊन वाद घालत बसलेले. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी जाऊबाईला अहो-जाहो केलं. मग रोज एकाच ओट्यावर भाकरी आणि मासळी करताना ते आपोआप गळून पडलं. ती मला 'अगं' म्हणते, मी तिला 'ताई' म्हणते, आणि भांडण झालं की दोघी एकमेकींना काहीच म्हणत नाही.

आमच्या समुद्राला बाहेरची माणसं नावं ठेवतात. पाणी गढूळ, किनारा सपाट, ओहोटीला तर समुद्र इतका आत जातो की शोधायला जावं लागतं. खाडीच्या तोंडाजवळ मात्र पाण्याखाली वाळूचा एक उंचवटा आहे. भरती चढताना लाट तिथे अडखळते, उभी राहते आणि सरळ किनाऱ्यापर्यंत धावत येते. अशी जागा ती एकच. चौदा-पंधरा सालच्या सुमारास शेजारच्या वाड्यातला एकजण गोव्याला हॉटेलात काम करून परतला, तो येताना लाटेवर उभं राहायची खरी पाटी घेऊन आला. ती बघून सगळ्यांना तेच करावंसं वाटू लागलं. ज्यांना पाटी परवडत नव्हती ते ट्रकची ट्यूब आणू लागले, मासळीच्या खोक्याचं थर्माकोल आणू लागले, एकाने तर घराचं जुनं दार आणलं.

पण सकाळची भरती रोज मिळत नाही. आमच्याकडे घड्याळापेक्षा तिथी बघतात. पौर्णिमा-अमावास्येला पाणी भर दुपारी चढतं आणि सकाळी नुसता चिखल असतो. उजाडता उजाडता पाणी हवं तर अष्टमी, नवमी, दशमी, आणि जरा उशीर चालणार असेल तर एकादशी. म्हणजे पंधरवड्यातून चारच सकाळी. त्यामुळे त्या चार सकाळी तिथे हीऽ गर्दी. डहाणूहून मोटारसायकली यायच्या, चिकूच्या वाडीवाले यायचे, पोलीस यायचे, एक गुजराती किराणावाले शेठ यायचे, ते पाण्यात कमी आणि किनाऱ्यावर जास्त असायचे. लाट एक आणि चढणारे वीस. एकदा थर्माकोलवाला आणि दारवाला एकाच लाटेवर निघाले, दाराची कडी थर्माकोलवाल्याच्या ओठावर बसली आणि प्रकरण हातघाईवर आलं.

तेव्हापासून चपलांची लाइन सुरू झाली. रेशनच्या दुकानात, तलाठ्याच्या ऑफिसाबाहेर, नळावर, आपल्याकडे माणूस सावलीत बसतो आणि त्याची चप्पल उन्हात नंबर धरते. तीच पद्धत समुद्रावर आली. वाळूत चपलांचे जोड ओळीने लावायचे. पहिल्या जोडाचा मालक लाट घेणार, परत आला की आपला जोड उचलून शेवटी ठेवणार, बाकीचे जोड एकेक हात पुढे सरकणार. हा कायदा केला एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. मी नोकरीला लागले तेव्हा तलासरीच्या गाडीवर हेच मास्तर होते. पास घरी विसरले म्हणून त्यांनी मला एकदा भर गाडीत असं काही सुनावलं होतं की तो पास मी नंतर कधीच विसरले नाही. निवृत्तीनंतर त्यांना पोहायची आवड लागली, पण शिस्त लावायची आवड त्याहून जुनी. गळ्यात शिट्टी, कमरेला टॉवेल, आणि चपलांच्या ओळीच्या डोक्याशी त्यांनी ठोकलेला बांबू. "लाइन म्हणजे लाइन," हे त्यांचं एकच वाक्य. पोलीसही त्यांच्यापुढे मुकाट चप्पल ठेवायचे.

जाऊबाईने हे सगळं पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याबरोबर कोळंबीवाली शोधत किनाऱ्यावर आली तेव्हा. एकजण पाटीवर उभा राहून किनाऱ्याला लागला. ती म्हणाली, "ही तर फळी."

गंजाडला भाताची चिखलणी झाली की बैलांच्या मागे एक लाकडी फळी जोडतात आणि तिने शेतातला चिखल सपाट करतात. फळीवर वजन हवं म्हणून कुणीतरी वर उभं राहतं. जाऊबाईला भाऊ नाही, म्हणून लहानपणापासून हे काम तिचं. एका हातात बैलांचा कासरा, पायाखाली फळी, आणि दोन्ही बाजूंनी चिखलाचे फवारे. ती सांगते, पूर्ण शेतभर ती एकदाही पडायची नाही. लग्न होऊन वरोरला आली आणि फळी सुटली. इथे भात नाही, बैल नाहीत, आहेत त्या होड्या आणि घासकागद. तिने कधी तक्रार केली नाही, पण त्या सकाळी लाट बघताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट ठरली होती. तिच्या वडिलांना शेती झेपेना. आई गुडघ्यांनी बेजार. तेव्हा भावोजी आणि जाऊबाई, दोघांनी गंजाडला राहायला जायचं, वडिलांचं शेत बघायचं. मुहूर्तही तिनेच काढला, वसुबारस. गोठ्यातल्या गाईवासराची पूजा आपल्या हातची झाली पाहिजे म्हणाली. भावोजींना सगळा वाडा 'पन्नाशीतले घरजावई' म्हणून चिडवत होता आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. गंजाड काही परदेशात नाही, रिक्षा बदलत गेलं तरी दुपारपर्यंत पोचता येतं. पण तिथे समुद्र नाही, आणि शेत नि म्हातारी माणसं सोडून भल्या पहाटे वरोरला यायला तिला कोण देणार होतं? जेवताना एका रात्री ती ताटाकडे बघत म्हणाली, "जायच्या आधी मला एकदा त्या लाटेवर उभं राहायचं हाय."

भावोजींना ठसका लागला. "तू? आधी रिक्षात धड बसायला शिक."

तिने त्यांच्या ताटात वाढायला घेतलेला मासा परत कालवणात टाकला. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही उभी राहणार, आणि मी तिला उभी करणार.

आता फळी हवी. माझे यजमान उत्साही आहेत, विचार करण्याआधी करून मोकळे होतात. थर्माकोलचा मोठा ठोकळा आणून त्यांनी तो सुरेख कापला, घासला, टोकाला होडीसारखा निमुळता केला. त्यावर रेझिन चढवलं की झाली फायबरची फळी. होडीला रोज चढवतात तेच रेझिन, तोच ब्रश. आम्ही चौघं अंगणात कौतुकाने उभे. पहिला हात फिरवला आणि थर्माकोल फसफसलं. त्याला खड्डा पडला. दुसरा हात फिरवला तसा तो खड्डा पलीकडे निघाला. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फळी विरघळून गुळाच्या पाकासारखी जमिनीवर पसरली. आयुष्यभर त्यांनी रेझिन फक्त लाकडावर आणि फायबरवर मारलं होतं; थर्माकोलला ते खातं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. जाऊबाई हसता हसता पायरीवर बसली. मग भावोजी हसायला लागले, मग मी. यजमान म्हणाले, "हसू नका, ब्रशपण गेला."

शेवटी लाकूड गंजाडहूनच आलं. जाऊबाईच्या वडिलांच्या बांधावर सावरीचं झाड आदल्या वर्षी पडलं होतं, त्याचं खोड माळ्याखाली वाळत पडलेलं. सावरीचं लाकूड हलकं, चूल पेटवायलाही कामाचं नाही म्हणून कुणी विचारत नाही. त्याची लांब रुंद फळी टेम्पोतून आली. यजमानांनी तिला आकार दिला, वरून फायबर चढवलं, आणि या वेळी काही विरघळलं नाही. जाऊबाईने फळीला हळदकुंकू लावलं.

पहिल्या सकाळी आम्ही दोघी फळी डोक्यावर घेऊन गेलो आणि मास्तरांनी शिट्टी वाजवली. "चपला?"

जाऊबाई अनवाणी होती. समुद्रावर ती कायम अनवाणीच जाते. आधी पाण्याला हात लावते, तो डोळ्यांना लावते, मग आत पाय टाकते. "देवाच्या तोंडासमोर वाहाणा कशाला मांडायच्या?" ती म्हणाली.

"चप्पल नाही तर नंबर नाही," मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, माझ्या चपला तिच्या नावावर लावते. ते म्हणाले, तिकीट एकीचं आणि प्रवास दुसरीचा, असं चालणार नाही. मग माझं डोकं फिरलं. मी त्यांना म्हटलं की वीस पुरुषांचा नंबर लागतो, दोन बायका आल्या की नियम आठवतो का? ते शांतपणे म्हणाले, "बाई, नियम मला झोपेतपण आठवतो." आणि ते खरंच होतं, त्यामुळे मला आणखी राग आला. आमचं भांडण चढत चाललेलं बघून जाऊबाई गुपचूप घरी गेली आणि अंगणातला एक नारळ घेऊन आली. तो तिने चपलांच्या ओळीत शेवटी ठेवला. मास्तर नारळाकडे बघत राहिले. नारळाला पाय लावून पुढे ढकलता येत नाही, उचलूनच ठेवावा लागतो, एवढाच त्यांचा आक्षेप निघाला. मग तो त्यांनी स्वतः उचलून सरकवायचं कबूल केलं.

नारळामुळे एक गंमत झाली. सकाळ संपली की जाऊबाई तो दगडावर फोडायची आणि खोबरं सगळ्यांना वाटायची. पाण्यातून बाहेर आल्यावर भूक अशी लागते की विचारू नका. दुसऱ्या दिवशीपासून लोक नारळाकडे डोळा ठेवून असायचे. शेठ तर विचारायचे, "बेन, आज श्रीफळ मोठं छे ना?" ज्या बाईला नंबर मिळत नव्हता, तिचाच नंबर ओळीत सगळ्यांना पाठ झाला.

उभं राहणं मात्र जमेना. कामाची वाटणी अशी होती: मी छातीभर पाण्यात फळी धरून उभी राहायचे, ती लुगड्याचा काष्टा घट्ट मारून फळीवर गुडघे टेकायची, लाट आली की मी मागून जोरात ढकलायचे. मी स्वतः फळीवर चढत नसे. समुद्राच्या काठी राहून मी पाण्याला घाबरते. छातीपर्यंत ठीक, पाय सुटले की संपलं. ढकलणं मला चांगलं जमायचं. वर्गातली मुलं ढकलायची सवय आहे. ती उठायची झटकन, पायही बरोबर पडायचे, आणि दुसऱ्या क्षणी पाठीवर आपटायची. दर वेळी मागेच. ती पुढे कधी पडली नाही, बाजूला पडली नाही, मागे, थेट पाठीवर, आणि नाकातोंडात पाणी. एका सकाळी फार तर तीन-चारदा नंबर यायचा. चार सकाळी संपल्या की पुढची अष्टमी येईपर्यंत थांबायचं. भाद्रपद असाच गेला. नवरात्रातल्या अष्टमी-नवमीलाही ती आपटत होती आणि दर वेळी बाहेर येऊन, केस पिळत, खोबरं वाटत होती.

गोव्याहून पाटी आणलेला तिला म्हणाला, काकी, पुढे वाका. ती पुढे वाकायची ठरवून जायची आणि लाट धरली की अंग पुन्हा मागे जायचं. दसऱ्यानंतरच्या एका दुपारी ती मागच्या अंगणात, जमिनीवर ठेवलेल्या फळीवर उभी होती आणि मी भांडी घासता घासता बघत होते. तिचा उजवा हात पुढे होता, मूठ आवळलेली. मुठीत काहीच नव्हतं.

"ताई, हातात काय धरलंयस?"

तिने मुठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "अगं, कासरा," ती म्हणाली.

बैल पुढून ओढतात. फळीवरचं माणूस कासरा धरून मागे रेलतं, तेव्हा कुठे तोल राहतो. तिचं अंग तेच करत होतं. ओढणारं कुणी पुढे नाही, लाट मागून ढकलते आहे, हे तिच्या अंगाला कोण सांगणार? चाळीस वर्षांपूर्वीची सवय ती. गोव्यावाला शंभरदा म्हणाला असता तरी ती सुटली नसती. तिने सवय सोडायचा नाद सोडून दिला. यजमानांकडून फळीच्या टोकाला भोक पाडून घेतलं आणि त्यात वडिलांकडून मागवलेला बैलाचा जुना कासरा बांधला. एक टोक फळीला, दुसरं हातात.

आश्विनातल्या वद्य अष्टमीला ती कासरा घेऊन पाण्यात उतरली तेव्हा किनाऱ्यावर इतके हसले की मास्तरांना शिट्टी वाजवावी लागली. "वहिनी, बैल आत बुडले का?" कुणीतरी ओरडलं. ती ढिम्म. त्या दिवशी तिला एकच धड लाट मिळाली, तिच्यावर ती अर्धवट उठली आणि कासऱ्यात पाय अडकला. नवमीला लाटच नव्हती, पाणी थाळीतल्यासारखं. दशमीला ती उभी राहिली, एक श्वासभर, आणि पुढून ट्यूबवाला आडवा आला. राहिली एकादशी. दुसऱ्या दिवशी वसुबारस, टेम्पो सांगून ठेवलेला, भांड्यांची खोकी बांधून पडवीत. दशमीच्या रात्री मी तिच्या डब्यांना चिंध्या गुंडाळत होते आणि मला रडू येत होतं. एरवी मी रागावते, रडत नाही. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "उद्या जोर लाव जरा. आज हळू ढकललंस."

एकादशीला रविवार होता. त्यामुळे सगळं डहाणू लोटलं होतं असं म्हटलं तरी चालेल. चपलांची ओळ बांबूपासून सुरू होऊन पार वळली होती. भावोजीही आले होते. बायकोला बघायला आलोय असं न म्हणता, होडीचं गिऱ्हाईक शोधायला आलोय म्हणाले. नारळ बराच मागे होता. ऊन वर आलं, पाणी चढत होतं, आणि दर वेळी माझा जीव खालीवर. शेवटी मास्तरांनी नारळ उचलून बांबूशी ठेवला आणि आम्ही पाण्यात शिरलो.

मास्तरांनी बांबू अष्टमीला ठोकला होता, आदल्या भरतीची रेघ बघून, तिच्या दोन हात वर. अष्टमीला ते बरोबरच होतं. पण अष्टमीपासून पाणी रोज थोडं वर सरकतं, हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. चपला ठेवायची जागा ठरलेली, मग विचार कोण करतो? आत एक मोठी लाट उठली, वाळूच्या उंचवट्यावर फुटली, फार मोठी म्हणून आम्ही ती सोडून दिली, आणि ती गेली ती थेट चपलांच्या ओळीवर. परतताना तिने सगळी ओळ उचलली. रबरी चपला, सँडल, पोलिसांचे बूट, मास्तरांचे कोल्हापुरी जोड, आमचा नारळ, सगळं खाडीच्या दिशेने तरंगत निघालं.

किनाऱ्यावर जो गोंधळ उडाला तो काय सांगू. सगळे धावले. लाटेची कुणाला शुद्ध राहिली नाही. ट्यूबवाले ट्यूब टाकून चपला गोळा करत होते, शेठ धोतर वर धरून एका सँडलमागे पळत होते, मास्तर शिट्टी वाजवत होते पण कुणासाठी ते त्यांनाच माहीत नसावं. भावोजी तर सगळ्यांच्या पुढे. माझ्याही चपला माझ्या अगदी हाताजवळून वाहत चालल्या होत्या, नव्याकोऱ्या, गणपतीत घेतलेल्या.

"अगं, तुझ्या वाहाणा चालल्या," जाऊबाई म्हणाली.

"जाऊ देत," मी म्हटलं.

त्या मोठ्या लाटेच्या मागे दुसरी येत होती. त्या अख्ख्या जागेत, जिथे एक लाट मिळवायला माणसं ओठ फोडून घेत होती, आम्ही दोघीच उरलो होतो. मी फळीचं बूड धरलं. लाट आली तेव्हा मी माझ्या अंगात होता नव्हता तो सगळा जोर लावला आणि हात सोडले.

ती उठली. कासरा ताणला गेला, ती मागे रेलली, आणि पडली नाही. काष्टा मारलेली, एक हात पुढे, एक हात कमरेवर, अशी ती माझ्यापासून लांब लांब जात राहिली. मला तिची फक्त पाठ दिसत होती. ज्या पाठीमागे वीस वर्षं मी ओट्याशी उभी राहिले, ती पाठ. मी माझ्याच हाताने तिला ढकललं होतं आणि आता ती चालली होती, आणि मला इतका आनंद झाला होता की मी पाण्यात उभी राहून मोठ्याने रडत होते. ती वाळूला लागली आणि फळीवरून जिन्याची पायरी उतरावी तशी खाली उतरली.

एकानेही पाहिलं नव्हतं. सगळे खाडीकडे तोंड करून होते. मी धापा टाकत किनाऱ्याला पोचले तोवर एकेकजण परतू लागला होता, कुणाच्या हातात एक चप्पल, कुणाच्या हातात भलत्याचीच. भावोजींनी आम्हाला पाहिलं आणि विचारलं, "झाली का उभी?"

"झाली," मी म्हटलं.

"खरंच?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर पुढे आले. ते अनवाणी होते आणि त्यांची शिट्टी पाण्याने बंद पडली होती. त्यांनी तिकीट तपासावं तसं जाऊबाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. रोज ती डोक्यापासून निथळत बाहेर यायची. आज तिचे केस कोरडे होते, आणि अंबाड्यात सकाळी खोवलेलं शेवंतीचं फूल जागच्या जागी होतं.

"केस कोरे आहेत," मास्तर म्हणाले. "उभ्या राहून आल्या."

हातातली चप्पल कुणाची आहे हे न बघताच भावोजींनी ती वाळूत ठेवली, आणि बायकोकडे बघत राहिले. मग बघता बघता सगळ्यांनीच पाहिलं होतं. शेठनी पाहिलं होतं, ट्यूबवाल्याने पाहिलं होतं, ज्याची पाठ पार खाडीकडे होती त्यानेही तिचा तोल कसा होता ते हाताने करून दाखवलं. आजही वरोरला विचाराल तर ती लाट पाहिलेली माणसं त्या दिवशी आलेल्यांपेक्षा जास्त निघतील.

मी फळी उचलायला वाकले. म्हटलं, धुऊन पुसून टेम्पोत वर ठेवू, खोक्यांवर.

"टेम्पोत कशाला?" ती म्हणाली. "गंजाडला फळीला काय कमी? बैलपण हायेत."

"मग ही?"

फळी ओढत ती पुन्हा पाण्यात निघाली आणि छातीभर पाण्यात, जिथे रोज मी उभी राहायचे तिथे, बूड धरून उभी राहिली. मला म्हणाली, "चढ."

मी म्हटलं, मला भीती वाटते, माझे पाय सुटतात. ती म्हणाली, सुटू देत. मी म्हटलं, नंबर नाही, चपला गेल्या. ती म्हणाली, कुणाच्याच नाहीत. मग मी फळीवर गुडघे टेकले. तिने कासरा माझ्या हातात दिला आणि मूठ वरून दाबून बंद केली. माझे पाय तळापासून सुटले होते आणि फळी तिच्या हातात होती. मागून लाटेचा आवाज यायला लागला तेव्हा ती म्हणाली, "मागे बघू नको, मी हाय," आणि तिने ढकललं.